विज्ञान शिकायला पैसे नाहीत, असं म्हणण्याआधी

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये खानापूर तालुक्यातल्या एका घरी पेढे खायला गेलो होतो. मुलगी दुसऱ्या पीयूसीला पीसीएमबी घेऊन ९३ टक्के मिळवून पास झाली होती. दहावीपर्यंत मराठी शाळा, त्यानंतर एकदम इंग्रजी. वडील उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. आई घरी शिलाई करते. चहा झाल्यावर मी विचारलं, "पुढं काय गं?"

"फिजिक्स," ती म्हणाली, आणि लगेच वडिलांकडं बघितलं.

वडील म्हणाले, "सर, तेवढं फिजिक्सचं खूळ काढायला सांगा की तिला. बी.एस्सी. करून कोण काय झालंय? नर्सिंग घे म्हणतोय, ऐकेना. इंजिनीअरिंगला आपल्याकडं पैसे न्हाईत."

मी मुलीला विचारलं, "आयसरची परीक्षा दिलीस का?"

"ते काय असतंय?"

त्या वर्षीचा फॉर्म केव्हाच बंद झाला होता. पुढच्या वर्षी बसता आलं असतं, पण एक वर्ष मुलीला घरी बसवून ठेवायचं, हे त्या घरात कुणाला पटणारं नव्हतं. त्या घरात पैशाची अडचण होती हे खरंच आहे. पण त्या दिवशी तिची वाट पैशानं अडवलेली नव्हती. एका तारखेनं अडवली होती, आणि ती तारीख तिला कुणी सांगितलीच नव्हती. कॉलेजनं सांगितली नाही, नातेवाइकांना माहीत नव्हती. आणि आपण, जे एका हाकेसरशी चौकात हजार पोरं गोळा करतो, त्या आपणही नाही.

म्हणून आजचा लेख.

आपल्याकडं 'सायन्स घेतलं' याचा अर्थ डॉक्टर किंवा इंजिनीअर. त्या दोन्हींचा नंबर लागला नाही की सायन्स वाया गेलं असं समजतात. या हिशोबात शुद्ध विज्ञान, म्हणजे भौतिक, रसायन, जीवशास्त्र, गणित यांचं पुढचं शिक्षण आणि संशोधन, कुठं बसतच नाही. ते हुशार आणि श्रीमंत घरातल्या पोरांचं काम असं आपण धरून चाललोय. खरी गोष्ट जवळजवळ उलटी आहे. खासगी मेडिकल किंवा इंजिनीअरिंगच्या सीटला घर गहाण पडतं. शुद्ध विज्ञानाच्या चांगल्या संस्था सरकारी आहेत, तिथं शिकायला शिष्यवृत्त्या आहेत, आणि पीएच.डी.ला तर सरकारच दरमहा पैसे देतं.

आता नावं आणि आकडे.

आयसर म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था. देशात अशा सात आहेत: पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बेरहामपूर. बारावीनंतर पाच वर्षांचा बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रम. प्रवेशासाठी आयएटी नावाची एकच परीक्षा: भौतिक, रसायन, जीवशास्त्र, गणित प्रत्येकी १५, असे ६० प्रश्न आणि ३ तास. बेंगळुरूची आयआयएससीही आपल्या बी.एस. अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी या परीक्षेचे गुण धरते. फॉर्म साधारण मार्चच्या सुमारास निघतो. म्हणजे तुम्ही बोर्डाच्या परीक्षेत बुडालेले असता तेव्हाच.

दुसरी परीक्षा नेस्ट. तिच्यातून भुवनेश्वरची नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या आवारातलं सीईबीएस इथं प्रवेश मिळतो. दोन्ही अणुऊर्जा विभागाशी जोडलेल्या आहेत. इथल्या विद्यार्थ्यांसाठी 'दिशा' शिष्यवृत्ती आहे. वर्षाला ६०,००० रुपये, शिवाय उन्हाळी संशोधनासाठी २०,०००. साठ हजार म्हणजे महिन्याला ५,००० पडतात. मेसचं बिल आणि वरखर्च काढायला हा मोठा आधार आहे.

तिसरी गोष्ट 'इन्स्पायर', केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची शिष्यवृत्ती. आपल्या बोर्डात बारावीला वरच्या १ टक्क्यात असाल आणि मूलभूत विज्ञानाला प्रवेश घेतला असेल, तर वर्षाला ८०,००० रुपये. त्यातले ६०,००० तुमच्या हातात, २०,००० उन्हाळी प्रकल्पासाठी. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की त्यासाठी मोठ्या संस्थेतच जावं लागतं असं नाही. आपल्या बेळगाव-निपाणीच्या साध्या डिग्री कॉलेजात बी.एस्सी. करणाऱ्यालाही अर्ज करता येतो.

वरच्या १ टक्क्यात नसाल तरी थांबू नका. केंद्राची पीएम-यूएसपी शिष्यवृत्ती आहे. बोर्डात वरच्या २० टक्क्यांत असाल आणि घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर पदवीला वर्षाला १२,००० आणि पदव्युत्तरला २०,०००. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. कर्नाटकात एसएसपी पोर्टल आहेच. शेतकऱ्याच्या मुलांसाठी रैत विद्यानिधी आहे. तिच्यात बी.एस्सी.ला मुलांना वर्षाला ५,००० आणि मुलींना ५,५०० रुपये असा दर ठरलेला. दहावी आणि बारावी दोन्ही सरकारी शाळा-कॉलेजातून केलेल्या मुलींसाठी अझीम प्रेमजी फाउंडेशनची वर्षाला ३०,०००ची शिष्यवृत्ती आहे. मुलींना कर्नाटकच्या साध्या बसमध्ये शक्ती योजनेमुळं तिकीट नाही. रोज खानापूर-बेळगाव करणाऱ्या घराला हीसुद्धा बचतच आहे.

सीमेच्या या-त्या बाजूला असलेल्यांनी आपापल्या राज्याचंही बघावं. गोव्यात शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी शैक्षणिक कर्ज आहे. मध्य प्रदेशात मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना, गुजरातेत मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना, तेलंगणात ई-पास. इंदूर, बडोदा, हैदराबादच्या आपल्या पोरांनी ही नावं लिहून ठेवा.

आणि कर्ज लागलंच तर? नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. यादीतल्या चांगल्या संस्थेत प्रवेश मिळाला तर तारण आणि जामीनदार न मागता कर्ज मिळतं. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरच्या सवलतीच्या काळात, व्याजात ३ टक्के सवलत आहे. त्यामुळं सावकाराकडं किंवा सोनं ठेवायला जाण्याआधी ही योजना बघा. एवढं ध्यानात असू द्या की बऱ्याच शिष्यवृत्त्या एकाच वेळी दोन घेता येत नाहीत. अर्ज सगळीकडं करा, मिळाल्यावर मोठी कुठली ते ठरवा. रकमा आणि अटी बदलत राहतात, म्हणून त्या वर्षाची सूचना स्वतः वाचा. कुणाच्या व्हॉट्सॅप फॉरवर्डवर विसंबू नका. या लेखावरसुद्धा नाही.

आता, ज्यांची बारावीनंतरची गाडी चुकली त्यांच्यासाठी. त्या मुलीसारखे तुमच्यातले बरेच जण असणार. ऐका, गाडी पुन्हा येते. साध्या कॉलेजातून बी.एस्सी. करा, आणि तिसऱ्या वर्षी 'जॅम' ही परीक्षा द्या. तिच्यातून आयआयटींमध्ये एम.एस्सी.ला आणि आयआयएससीच्या इंटिग्रेटेड पीएच.डी.ला जाता येतं. फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, परीक्षा फेब्रुवारीत. तिथं तुमच्या बारावीच्या टक्क्यांपेक्षा बी.एस्सी.चा पाया पक्का आहे का हे बघितलं जातं. आयआयटीत अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क नाही. पुढं पीएच.डी.ला नेट पास होऊन जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, वर घरभाडं. १ जानेवारी २०२३ पासूनचा हा दर आहे. 'अजून किती वर्षं शिकणार?' असं विचारणाऱ्या मामाला हा आकडा सांगा.

बी.एस्सी. करतानाही नुसतं बसून राहू नका. देशाच्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन फेलोशिप देतात. निवड झाली तर मोठ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळतं आणि त्याचे पैसेही मिळतात. साध्या कॉलेजातली मुलंही तिथं जातात.

माशेलकरांची गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकली असेल, पण तिच्यातला पैशाचा भाग आपण विसरतो. रघुनाथ माशेलकर १९४३ साली गोव्यातल्या माशेल गावात जन्मले. वडील लहानपणीच गेले. आई त्यांना घेऊन मुंबईला आली आणि पडेल ते काम करून तिनं त्यांना वाढवलं. शिक्षण म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत, अभ्यास रस्त्याच्या दिव्याखाली. १९६० साली मॅट्रिकला ते राज्यात अकरावे आले, आणि तरीही पैशापायी शिक्षण सोडायच्या बेतात होते. तेव्हा सर दोराबजी टाटा ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळाली, महिन्याला ६० रुपये. पुढं हाच मुलगा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा संचालक आणि सीएसआयआरचा महासंचालक झाला. हुशारी ६० रुपयांच्या आधीही होतीच. पण ते ६० रुपये वेळेवर आले नसते, तर ती हुशारी कुठल्या तरी ऑफिसात कारकुनी करत संपली असती. आणि ते वेळेवर आले, कारण कुणीतरी अर्ज केला होता.

आता आपल्या भागाची खास अडचण. पैशापेक्षा मोठी, आणि बाहेरच्यांना न समजणारी. ती म्हणजे कागद.

आपली पोरं दोन राज्यांच्या आणि तीन भाषांच्या मध्ये वाढतात. दहावीच्या मार्क्स कार्डवर आडनाव शेवटी, आधारवर नुसतं इनिशियल, बँकेच्या पासबुकात स्पेलिंग तिसरंच. घरी 'पाटील' एकच असतो, पण कागदावर त्याचे चार पाटील होतात. शिष्यवृत्तीचे पैसे आधार जोडलेल्या खात्यात जमा होतात. नावात एका अक्षराचा फरक पडला तरी अर्ज अडकून बसतो. ही दुरुस्ती अकरावीतच करून घ्या. प्रवेशाच्या आठवड्यात ती होत नाही.

नाडकचेरीतून मिळणारा उत्पन्नाचा दाखला कन्नडमध्ये असतो. राज्याच्या कामाला तो चालतो. केंद्रीय संस्थांना ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, आणि बहुतेक ठिकाणी तो त्या वर्षी १ एप्रिलनंतर काढलेला असावा लागतो. राज्याची मागास यादी आणि केंद्राची यादी एकच नसते. आपली जात केंद्राच्या यादीत आहे का हे आधी बघा, मगच त्या रकान्यात खूण करा. चुकीच्या खुणेमुळं लागलेला नंबर जातो.

महाराष्ट्रात इंजिनीअरिंग, फार्मसीसारख्या अभ्यासक्रमांना जाणाऱ्यांसाठी तिथल्या सीईटी सेलच्या नियमांत वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांचा वेगळा प्रकार आहे, त्याला 'टाइप ई' म्हणतात. आपण सीमाभागातले आहोत याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दाखले लागतात. हा प्रकार आहे हेच आपल्यातल्या अर्ध्या पालकांच्या कानावर नाही. बी.एस्सी., एम.एस्सी.साठी कोल्हापूरला जायचं असेल तर शिवाजी विद्यापीठात सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी काय सवलत चालू आहे हे प्रवेशाआधी विद्यापीठातच विचारून घ्या.

भाषेचंही स्पष्ट बोलू. जेईई मेन आणि नीट मराठीतून देता येते हे खरं. पण मराठी प्रश्नपत्रिकेची सोय महाराष्ट्रातल्या केंद्रांवर. बेळगावचं केंद्र घेतलं तर इंग्रजी, हिंदी नाहीतर कन्नड. म्हणजे मराठी शाळेत शिकलेल्या पोराला स्वतःच्या गावात स्वतःच्या भाषेत पेपर नाही. हे चूक आहे आणि त्यावर बोलत राहायला हवं. पण ते सुटेपर्यंत तुमचं वर्ष थांबणार नाही. म्हणून आठवी-नववीपासून विज्ञानाचे इंग्रजी शब्द मराठी शब्दाशेजारी लिहायची सवय लावा. वेग आणि वेलॉसिटी, जडत्व आणि इनर्शिया, पेशी आणि सेल. मराठीत पक्कं समजलेलं इंग्रजीत उतरवायला सहा महिने लागतात. न समजता इंग्रजीत पाठ केलेलं सहा वर्षांनीही उमगत नाही.

खोटी आशा दाखवायची नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. ही वाट लांबची आहे. पीएच.डी. होईपर्यंत वय सत्तावीस-अठ्ठावीस होतं. कायम नोकऱ्या थोड्या आहेत. फेलोशिपचे पैसे कधी कधी महिनोन् महिने लांबतात. बरोबरीचे मित्र तोवर बुलेट घेतात, घर बांधतात. ज्याच्या घरात आज-उद्या पगार आलाच पाहिजे, त्यानं डिप्लोमा केला, नर्सिंग केलं, तर त्यात काही कमीपणा नाही. कष्टाचं आणि मानाचं काम आहे ते. पण ती निवड असावी. माहिती नव्हती म्हणून आलेली पाळी नसावी. आणि एम.एस्सी.वर थांबलात तरी रस्ते आहेत: बीएआरसीचं प्रशिक्षण केंद्र, औषध आणि बियाण्यांच्या कंपन्या, पाणी-माती तपासणाऱ्या प्रयोगशाळा, कॉलेजात शिकवणं.

आई-वडिलांना एकच सांगणं. 'मुलगीच आहे, एवढा खर्च कशाला' हे वाक्य घरातून काढून टाका. इंदूरला जन्मलेल्या कमला सोहोनींना १९३३ साली बेंगळुरूच्या विज्ञान संस्थेत मुलगी म्हणून प्रवेश नाकारला गेला, आणि तो नाकारणारे होते खुद्द सी. व्ही. रामन. त्या हटल्या नाहीत. अटी सोसून आत गेल्या आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. घेतली. तेव्हा दार संस्थेनं बंद केलं होतं. आज संस्थांची दारं उघडी आहेत. ती आपल्या घरातून बंद व्हायला नकोत.

आणि आता आपल्या मंडळांना. गणपतीला आपण गल्लीगल्लीत किती वर्गणी जमवतो ते आपल्याला माहीत आहे. डॉल्बीच्या एका रात्रीच्या भाड्यात किती पोरांची परीक्षा फी भरली जाईल, याचा हिशोब एकदा मांडा. मोठं काही करायला नको. तीन कामं करा. एक, मंडळाच्या फळ्यावर आयएटी, नेस्ट, जॅम आणि शिष्यवृत्त्यांच्या तारखा लिहा. दोन, आपल्या भागातल्या बारावीच्या चार पोरांची परीक्षा फी आणि केंद्रापर्यंतचा प्रवास उचला. तीन, वर्षातून एकदा पोरांना गाडी करून प्रयोगशाळा दाखवून आणा. चोर्ला घाट उतरला की गोवा. तिथं दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, नारायणगावजवळ खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीपाशी दर वर्षी मोठं प्रदर्शन भरतं. तिथं मराठीत बोलणारे शास्त्रज्ञ पोरांना भेटतात. आपल्यासारखं बोलणारा माणूस दुर्बिणीजवळ उभा बघितला की पोराच्या डोक्यातली भीती जाते. दहा भाषणांनी ते होत नाही.

त्या मुलीचं काय झालं? तिनं बेळगावात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. इन्स्पायरला गुण थोडक्यात कमी पडले, पण केंद्राची १२,०००ची शिष्यवृत्ती मिळाली. त्यासाठी पासबुकातलं नाव दुरुस्त करायला वडिलांनी फाउंड्रीतून दोन दिवस खाडे केले. आता ती शेवटच्या वर्षाला आहे. परवा त्यांच्या घरी गेलो तेव्हा भिंतीवरचं कालनिर्णय बघितलं. गॅस कधी लावला ते लिहिलेलं, आईच्या ब्लाउजच्या ऑर्डरी लिहिलेल्या, आणि सप्टेंबरच्या पानावर लाल पेनानं गोल करून 'जॅम फॉर्म'.

अक्षर वडिलांचं होतं.

तिचा नंबर लागेल की नाही, आज कुणी सांगू शकत नाही. पण या वेळी तारीख चुकणार नाही. तुमच्या घरच्या कालनिर्णयावर कुठली तारीख लिहिली आहे?